बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क केसिंगमध्ये बसत नाही, आजीच्या ओव्या आत आहेत (सांगली)

कृष्णाकाठची · शनिवार, रात्री ९:१०

नमस्कार. आमचं घर सांगलीत गावभागात. बाबांचं डीटीपीचं दुकान होतं, २०१२ पर्यंत चाललं. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, गणपती मंडळांची पावतीपुस्तकं, सगळं त्या एका कॉम्प्युटरवर. २००३ साली घेतलेला, विंडोज एक्सपीवाला. दुकान बंद झाल्यावर तो माळ्यावर गेला, म्हणून २०१९ च्या पुरात वाचला. खाली ठेवलेलं मात्र काही राहिलं नाही.

खालच्या कपाटात आजीच्या ओव्यांची वही होती. आजी पलूसकडची. शेवटच्या दोन-तीन वर्षांत बाबा रोज तिच्याजवळ बसून जात्यावरच्या ओव्या उतरवून घ्यायचे आणि दुकान बंद केल्यावर टाईप करायचे. पाणी ओसरल्यावर त्या वहीचा नुसता लगदा हाती आला. आता त्या ओव्या फक्त त्या डिस्कवर आहेत. बाबा ७६ वर्षांचे आहेत. परवा म्हणाले, "तेवढं एकदा बघायला मिळालं तर बरं होईल." त्यानंतर मला झोप नाही.

कॉम्प्युटर चालू होत नाही, बटण दाबल्यावर पंखासुद्धा हलत नाही. म्हणून डिस्क काढून केसिंगमध्ये (डिस्क बसवून यूएसबीने जोडायचा डबा) घालायची आणि लॅपटॉपला लावायची असं ठरवलं. दुकानदार म्हणाला, साडेतीन इंची कुठलीही बसते. आज उघडून बघितलं तर केसिंगमधला प्लग आणि डिस्कचा प्लग यांचा काही मेळच नाही. केसिंगमध्ये सपाट काळी पट्टी आहे, डिस्कला बारीक पिनांच्या दोन लांब रांगा. जबरदस्ती केलेली नाही. पुढे काय करू?

हरभटरोड · शनिवार, रात्री ९:३५

ताई, जबरदस्ती केली नाहीत हे फार चांगलं केलंत. तुमची डिस्क आयडीई आहे, केसिंग साटाचं आहे. या डिस्क जोडायच्या दोन वेगळ्या पद्धती, आयडीई जुनी, साटा नवी. २००३ च्या आसपास साटा नुकतं येत होतं, त्यामुळे त्या वर्षीच्या बहुतेक मशीनमध्ये आयडीईच सापडते. ओळखायची खूण अशी: मदरबोर्डाकडून डिस्कपर्यंत रुंद, राखाडी, चपटी केबल आली असेल तर आयडीई. बोटभर रुंदीची लाल किंवा काळी केबल असेल तर साटा. आयडीईच्या दोन रांगांत चाळीस पिनांची जागा असते आणि मधली विसावी पिन मुद्दाम ठेवलेली नसते, प्लग उलटा बसू नये म्हणून. विजेचा प्लग वेगळा, चार जाड पिनांचा. पिवळी तार १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची, दोन काळ्या अर्थिंगच्या.

नुसत्या आयडीईचं केसिंग आता शोधूनही मिळणं अवघड आहे आणि तुम्हाला त्याची गरजही नाही. "यूएसबी टू साटा-आयडीई" नावाचा कन्व्हर्टर घ्या. एका डोक्याला तीन बाजूंनी तीन प्लग असतात: मोठी आयडीई, लॅपटॉपची छोटी आयडीई आणि साटा. सोबत १२ व्होल्टचा अॅडॉप्टर येतो, तो आहे ना हे दुकानात डबा उघडून बघा. साडेतीन इंची डिस्कची मोटर १२ व्होल्टवर फिरते आणि यूएसबीतून फक्त ५ व्होल्ट येतात. अॅडॉप्टर नसेल तर ती डिस्क जागची हलणार नाही. केसिंग परत देता आलं तर द्या.

कृष्णाकाठची · शनिवार, रात्री १०:०५

रुंद राखाडी केबलच होती, म्हणजे आयडीई. वर ४० जीबी लिहिलंय. विजेच्या प्लगशेजारी पिनांच्या तीन-चार छोट्या जोड्या आहेत आणि एका जोडीवर निळं टोपण बसलंय. ते काढू का?

हरभटरोड · शनिवार, रात्री १०:२०

ते टोपण म्हणजे जंपर, डिस्क "मास्टर" (मुख्य) की "स्लेव्ह" (दुय्यम) हे ठरवणारं. आधी फोटो काढा, मग हात लावा. डिस्कच्या लेबलवर जंपरचा छोटा नकाशा छापलेला असतो. कन्व्हर्टरला लावताना डिस्क "मास्टर" असावी लागते. एक अपवाद वेस्टर्न डिजिटलचा. त्यांच्या डिस्क एकट्या असतील तर जंपर काढूनच टाकायचा असतो, लेबलवर "सिंगल" असं लिहिलेलं सापडेल. जंपर "स्लेव्ह"वर राहिला तर डिस्क फिरते पण कॉम्प्युटरला दिसत नाही आणि माणसाला वाटतं की डिस्क मेली. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या दोन-तीन डिस्क अशा "मेलेल्या" असतात.

डिस्क काढलेले स्क्रू जपून ठेवा. साडेतीन इंची डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे असतात, सीडी ड्राईव्हचे बारीक आट्यांचे. एकाच्या जागी दुसरा पिळला की आटे जातात.

वखारभाग · शनिवार, रात्री १०:४०

माझा एक अनुभव लिहितो, कोणाची तरी डिस्क वाचेल. १२ व्होल्टच्या अॅडॉप्टरची गोल पिन आणि बऱ्याच लॅपटॉपच्या चार्जरची गोल पिन सारख्याच मापाची असते. चार वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याने केसिंगला लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर लावला. पिन अगदी नीट बसली. दोन सेकंदांत जळका वास आला. केसिंगचा बोर्ड गेला आणि डिस्कचाही गेला. त्यात माझ्या मुंजीपासूनचे स्कॅन केलेले फोटो होते.

मग तशाच मॉडेलची जुनी डिस्क मिळवून तिचा बोर्ड लावून बघितला. तो चालला नाही. तेव्हा कळलं की बोर्डावरच्या एका बारीक चिपमध्ये त्याच डिस्कपुरती मोजमापं साठवलेली असतात, ती चिपही काढून बसवावी लागते. ते काम मिरजेतल्या एका कारागिराने केलं. सगळे फोटो परत आले, पण तीन महिने माझा जीव टांगणीला लागला होता. अॅडॉप्टरवर रंगीत टेप लावा आणि टेपवर "१२ व्होल्ट, डिस्क" असं लिहून ठेवा. आमच्या घरी आता प्रत्येक अॅडॉप्टरवर लिहिलेलं आहे.

अजिंक्यतारा · शनिवार, रात्री ११:१५

मी साताऱ्यात एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काम करतो. वरच्या दोघांनी सांगितलेलं सगळं बरोबर आहे. मला त्याच्या पुढचं सांगायचंय आणि ताई, हे कृपया शांतपणे वाचा.

ही डिस्क बारा-तेरा वर्षं बंद आहे. ती कदाचित पुन्हा अगदी नीट चालेल, कदाचित एकदाच चालेल. त्या एका वेळी तिच्याकडून काय करून घ्यायचं हे डिस्क जोडण्याआधी ठरलं पाहिजे. फोल्डर उघडून फोटो बघत बसायचं नाही. अँटीव्हायरस लावायचा नाही. सगळ्यात आधी डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढायची, अगदी पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा माहितीचा छोटा कप्पा). मग जे काय करायचं ते नकलेवर.

त्यासाठी नक्कल ठेवायला मोठी डिस्क आधी तयार ठेवा. ती फॅट ३२ मध्ये फॉरमॅट केलेली नसावी, कारण फॅट ३२ मध्ये एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी होत नाही आणि तुमची नक्कल ३७ जीबीची एकच फाईल असेल. (४० जीबी म्हणजे कंपनीच्या हिशेबाने ४० अब्ज बाईट. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं म्हणून ३७ दाखवतं. काही हरवलेलं नाही.) एक पेन ड्राईव्ह लिनक्सचा (विंडोजऐवजी चालणारी सिस्टीम) करा आणि लॅपटॉप त्यावरून चालू करा. डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम त्यावर चालतो. तो आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलतो, अडलेली जागा सोडून पुढे जातो आणि शेवटी मागे येऊन अडलेल्या जागा पुन्हा पुन्हा वाचून बघतो. कुठपर्यंत आलो याची नोंद एका वेगळ्या फाईलमध्ये ठेवतो, त्यामुळे मध्ये लाईट गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं. ती नोंदीची फाईल पेन ड्राईव्हवर ठेवू नका, मोठ्या डिस्कवर ठेवा.

जोडायचा क्रम असा. आधी डिस्कला कन्व्हर्टर, मग विजेचा प्लग, मग भिंतीचं बटण. डिस्क फिरायला लागल्याचा आवाज ऐका, दहा सेकंद थांबा आणि मग यूएसबी. डिस्क लाकडी टेबलावर आडवी ठेवा, गादीवर किंवा मांडीवर नको. फिरत असताना हलवू नका. हात लावायच्या आधी कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या डब्याला स्पर्श करा, अंगातली स्थिर वीज उतरते.

"खट्... खट्... खट्" असा सारखा आवाज आला तर लगेच वीज बंद करा आणि पुन्हा लावू नका. ते माहिती वाचणारं हेड आत आपटत असतं आणि प्रत्येक फेरीला तबकडीवरची आणखी माहिती खरवडली जाते.

कराडकर · रविवार, सकाळी ७:५०

मध्येच विचारतो, माफ करा. माझा लॅपटॉप २०१५ चा, स्क्रीन फुटलीय. त्याच्या डिस्कलाही अॅडॉप्टर लागेल का?

हरभटरोड · रविवार, सकाळी ८:२०

नाही लागत. तुमची अडीच इंची साटा असणार, ती ५ व्होल्टवर चालते. साधं अडीच इंची केसिंग घ्या. जाडी मोजून घ्या, काही डिस्क ७ मिलिमीटरच्या असतात, काही साडेनऊच्या. लॅपटॉपच्या यूएसबी २ च्या पोर्टला लावून डिस्क सारखी चालू-बंद होत असेल तर यूएसबी ३ चा निळा पोर्ट वापरा. जुना पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, नवा ९००. आणि लॅपटॉपवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन) चालू असेल तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की आधी शोधून ठेवा, तिच्याशिवाय डिस्क बाहेर काढून उपयोग नाही.

टंकलेखक · रविवार, सकाळी ९:३०

कृष्णाकाठची ताई, तुमचा धागा वाचून राहवलं नाही. मी मूळचा माधवनगरचा, आता पुण्यात. तीस वर्षं मराठी डीटीपी केलंय.

डिस्कमधून फाईल निघाली म्हणजे ओव्या मिळाल्या असं समजू नका. तुमच्या बाबांनी युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या एकाच पद्धतीत, टाईप केलेलं नसणार. त्या काळी पेजमेकरमध्ये (पानं मांडायच्या प्रोग्राममध्ये) युनिकोड मराठी चालतच नव्हतं. आम्ही सगळे आयएसएम किंवा श्रीलिपी ही मराठी टाईप करायची सॉफ्टवेअर घ्यायचो, कोणी शिवाजी फॉन्ट वापरायचं, कोणी कृतिदेव. या फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात: इथे काना, तिथे वेलांटी, पलीकडे अर्धा क. फाईलमध्ये इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांच्या अंगावर मराठी चढवतो. तो फॉन्ट नसेल तर पानभर टोप्या आणि टिंबं असलेली परदेशी अक्षरं दिसतात. फाईल शाबूत असते, पण वाचता येत नाही. लोकांना वाटतं फाईल खराब झाली आणि ते ती पुसून टाकतात. माझ्या डोळ्यांसमोर एका संस्थेचे वीस वर्षांचे इतिवृत्त असे पुसले गेले.

आणि दोन फॉन्टांची रचनाही सारखी नसते. शिवाजीचं लिखाण योगेश फॉन्टमध्ये बघितलं तर मराठी अक्षरं दिसतात पण शब्द लागत नाहीत. म्हणून त्याच डिस्कवरचे तेच फॉन्ट हवेत. "सी" ड्राईव्हमधल्या विंडोज फोल्डरच्या आत "फॉन्ट्स" नावाचं फोल्डर आहे, ते पूर्ण उचला. जुन्या डिस्कमधून फक्त "माय डॉक्युमेंट्स" काढून घेणारे सगळे इथे चुकतात.

बाबांना विचारा कुठला फॉन्ट होता. त्यांना नक्की आठवेल. रोज चौदा तास बघितलेला फॉन्ट माणूस विसरत नाही.

कृष्णाकाठची · रविवार, सकाळी १०:१५

विचारलं. लगेच म्हणाले, "मजकूर योगेशमध्ये, ओव्यांची शीर्षकं सुरेखमध्ये. सुरेखचा जोड ठळक दिसतो." त्यांनी हे सांगताना हवेत बोटं चालवली, कीबोर्ड असल्यासारखी. फाईलचं नावही सांगितलं: ओवी१ ते ओवी७, "ई" ड्राईव्हमध्ये. आयएसएमचं डोंगल (सॉफ्टवेअर चालू व्हायला कॉम्प्युटरला लावायची किल्ली) मात्र पुरात गेलं म्हणाले, त्याशिवाय चालेल का?

टंकलेखक · रविवार, सकाळी १०:३०

वाचायला चालेल. डोंगल टाईप करायच्या सॉफ्टवेअरला लागतं, नुसता फॉन्ट बसवून मजकूर बघायला लागत नाही. योगेश आणि सुरेख ही दोन्ही आयएसएमचीच पिल्लं, सी-डॅक या सरकारी संस्थेची. बाबांना माझा नमस्कार सांगा.

कृष्णाकाठची · रविवार, सायंकाळी ७:४०

कन्व्हर्टर आणला, अॅडॉप्टरसकट. जंपर मास्टरवरच होता. बटण दाबलं आणि डिस्क फिरायला लागली. तो आवाज ऐकल्यावर बाबा आतल्या खोलीतून उठून आले. "हाच आवाज," म्हणाले.

एक गडबड झाली. लिनक्सच्या पेन ड्राईव्हवरून लॅपटॉप चालू व्हायला हवा होता, तो विंडोजमध्येच गेला आणि तोवर यूएसबी जोडलेली होती. तीन ड्राईव्ह दिसले. दोन व्यवस्थित, तिसऱ्यासाठी खिडकी आली की हा ड्राईव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करावा लागेल. तिसरा म्हणजे नेमका "ई". मी कॅन्सल दाबलं, सेफली रिमूव्ह करून सगळं बंद केलं. हात थरथरतायत. ओव्या गेल्या का?

अजिंक्यतारा · रविवार, सायंकाळी ७:५५

गेलेल्या नाहीत, धीर धरा. कॅन्सल दाबलंत तेच योग्य. त्या खिडकीचा अर्थ एवढाच की त्या भागाचा पहिला सेक्टर विंडोजला वाचता आला नाही किंवा समजला नाही. घराची पाटी पुसली गेलीय, घर तिथेच आहे. कुठल्याही खिडकीत फॉरमॅट, इनिशिअलाईझ किंवा "स्कॅन अँड फिक्स" दाबू नका. शेवटचं दिसायला निरुपद्रवी असतं, पण ते आजारी डिस्कवर लिहायला लागतं.

आता लिनक्सवरून नक्कल काढा. लॅपटॉप चालू होताना एफ १२ किंवा एफ ९ दाबून पेन ड्राईव्ह निवडा. डिस्क लिनक्स पूर्ण चालू झाल्यावरच जोडा आणि तिचा कुठलाही भाग माऊंट करू नका, म्हणजे उघडू नका. डीडीरेस्क्यूला स्रोत आणि ठिकाण सांगताना दोनदा तपासा. त्यांची अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क ओव्यांवर लिहिली जाईल. आकारावरून ओळखा, ३७ ची जुनी.

आणि एक. लॅपटॉपला बॅटरी आहे, पण या डिस्कचा १२ व्होल्टचा अॅडॉप्टर थेट भिंतीत आहे. लाईट गेली की लॅपटॉप चालू राहील आणि डिस्क मात्र बसेल. इन्व्हर्टर असेल तर अॅडॉप्टर त्याच्या प्लगला लावा.

वखारभाग · रविवार, रात्री ८:१०

ताई, आमच्या घरी इन्व्हर्टर आहे, हवं तर इथे येऊन करा. आई घरीच असते.

शंभरफुटी · रविवार, रात्री ८:३०

माझं मत थोडं वेगळं आहे. इतकी मोलाची गोष्ट असेल तर घरी प्रयोग नकोत, पुण्या-मुंबईच्या डेटा रिकव्हरीवाल्यांकडे सरळ पाठवा. तिथे स्वच्छ खोलीत डिस्क उघडतात.

हरभटरोड · रविवार, रात्री ८:५०

डिस्क आवाज करत असती, फिरत नसती किंवा दिसत नसती तर मीही हेच म्हणालो असतो आणि ताईंना हातही लावू दिला नसता. पण ही फिरतेय, पूर्ण आकार दाखवतेय, दोन भाग उघडतायत. अशा डिस्कवर त्या प्रयोगशाळासुद्धा आधी नक्कलच काढतात. डीडीरेस्क्यूचा वेग एकदम पडला किंवा आवाज बदलला तर तिथे थांबायचं आणि मग पाठवायची. तुमची सूचना मी दुसरी पायरी म्हणून धरतो.

कृष्णाकाठची · सोमवार, सकाळी ६:३०

रात्री वखारभागकर काकूंच्या घरी बसले, काकूंनी जेवायलाही वाढलं. इन्व्हर्टरवर लावलं. पहिले ३६ जीबी पाऊण तासात आले. मग काटा अडला. राहिलेल्यासाठी रात्रभर चालू ठेवलं आणि पहाटे बघितलं तर न वाचलेलं फक्त ४८ केबी उरलंय. त्यापुढे सरकत नाही. डिस्क बंद करून, गार होऊ देऊन जुन्या रुमालात गुंडाळून ठेवली. आता पुढे?

अजिंक्यतारा · सोमवार, सकाळी ७:१५

३७ जीबीतले ४८ केबी! फार छान झालं. डिस्कला आता विश्रांती द्या, पण रुमालापेक्षा अँटिस्टॅटिक (स्थिर वीज रोखणाऱ्या) पिशवीत ठेवा. नव्या साटा केसिंगच्या डब्यात राखाडी चकचकीत पिशवी आली असेल, ती चालेल.

आता नकलेची अजून एक नक्कल करा आणि दुसरीवर काम करा. टेस्टडिस्क नावाचा प्रोग्राम नक्कल-फाईल थेट उघडतो. एनटीएफएस या विंडोजच्या साठवण्याच्या पद्धतीत पहिल्या बूट सेक्टरची (म्हणजे त्या पाटीची) एक प्रत त्या भागाच्या अगदी शेवटच्या सेक्टरमध्ये ठेवलेली असते. टेस्टडिस्कमध्ये "अॅडव्हान्स्ड", मग "बूट" असं गेलात की तो दोन्ही तपासून सांगतो. पहिली खराब आणि शेवटची ठीक असं म्हणाला तर "बॅकअप बीएस" निवडा. पाटी परत लागेल. एक्सपीच्या फोल्डरांना परवानगीचं कुलूप असलं तरी लिनक्सवरून वाचताना ते आडवं येत नाही.

कृष्णाकाठची · सोमवार, रात्री ९:२०

पाटी लागली! "ई" उघडला. ओवी१ ते ओवी७ सगळ्या दिसतायत. फॉन्ट्सचं पूर्ण फोल्डरही काढून घेतलं, योगेश आणि सुरेख दोन्ही आहेत.

आता पेजमेकर कुठून आणू? बाबांकडे ६.५ होतं.

टंकलेखक · सोमवार, रात्री ९:४५

अभिनंदन. पेजमेकर ७ नंतर बंदच पडलं, पण सांगलीत अजून दोन-तीन ठिकाणी पत्रिकावाल्यांकडे चालू आहे, मी मागच्या वर्षी बघितलंय. बाबांची ओळख असेलच. नाहीतर तशाच इनडिझाइन प्रोग्रामची सीएस ६ आवृत्ती पेजमेकर ६ पासूनच्या फाईल उघडते, त्यापुढच्या आवृत्त्या उघडत नाहीत. आधी फॉन्ट बसवा, मग फाईल उघडा. उलट केलंत तर प्रोग्राम दुसरा फॉन्ट चिकटवतो. उघडल्यावर "सेव्ह" करू नका. आधी पीडीएफ काढा, म्हणजे ओव्या डोळ्यांना जशा दिसायच्या तशा कायमच्या राहतील. मग मजकूर बाहेर काढून युनिकोडमध्ये बदला.

कृष्णाकाठची · गुरुवार, रात्री १०:००

बाबांचे जुने सहकारी मारुती रोडच्या मागे अजून काम करतात. त्यांच्याकडे दोघं गेलो. ओवी१ उघडली आणि पानभर मराठी दिसलं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. कितीतरी वेळ कुणी बोललं नाही.

सहा फाईल पूर्ण उघडल्या. ओवी७ उघडेना, न वाचलेल्या सेक्टरांपैकी काही तिच्यात असणार. पण बाबांची शिस्त मोठी. त्याच ड्राईव्हमध्ये "जुने" नावाच्या फोल्डरमध्ये ओवी७ ची आधीची प्रत होती, ती उघडली. तिच्यात शेवटच्या अकरा ओव्या नाहीत.

पीडीएफ काढल्या. युनिकोड कन्व्हर्टरमधून मजकूर घातला तर बराचसा बरोबर आला, पण काही शब्द चमत्कारिक झाले. ही एक ओवी बघा, कन्व्हर्टरने दोन्ही ओळींचं शेवटचं अक्षर बिघडवलं. यात मी दुरुस्त करून लिहिलीय:

किष्णेच्या काठाला गं, पाणी चढलं पायऱ्या
भावाच्या वाटंकडं, माझ्या नजरा साऱ्या

टंकलेखक · गुरुवार, रात्री १०:२५

काय सुंदर ओवी आहे. हा अर्ध्या "र"चा दोष. जुन्या फॉन्टात "ऱ्या"मधल्या त्या आडव्या र ची वेगळी खूण असते, कन्व्हर्टर तिचा रफार करतो आणि "पायऱ्या"च्या डोक्यावर रफार येऊन बसतो. दुसरा दोष पहिल्या वेलांटीचा. जुन्या फॉन्टात ती अक्षराच्या आधी साठवली जायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात, त्यामुळे जोडाक्षर आलं की ती भलत्या अक्षराला चिकटते. "किष्णे", "लक्षिमी", "इठ्ठल" असले शब्द मशीनवर सोडूच नका. "किष्णे"चं "कृष्णे" करून द्यायला तर स्पेलचेक टपलेलाच असतो. तो बंद ठेवा आणि पीडीएफ शेजारी उघडून ओळ न् ओळ वाचा. आजीचा उच्चार तसाच राहिला पाहिजे.

सांगलवाडी · गुरुवार, रात्री ११:१०

हे सगळं वाचून विचारावंसं वाटलं. आमचा कॉम्प्युटर २०२१ च्या पुरात दोन दिवस पाण्यात होता. मी डिस्क काढून उन्हात वाळवून ठेवली, अजून चालू करून बघितली नाही. आता हा कन्व्हर्टर आणून लावू का?

अजिंक्यतारा · गुरुवार, रात्री ११:३०

लावू नका, कृपा करून. साधी हार्ड डिस्क हवाबंद नसते. तिच्या झाकणाला एक बारीक भोक असतं, आत गाळणी असते, हवेचा दाब सारखा राहावा म्हणून. पुराचं पाणी त्यातून आत गेलं असेल तर कृष्णेचा बारीक गाळ आतल्या तबकड्यांवर वाळून बसलाय. हेड तबकडीपासून केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरावर तरंगतं. एकदा वीज दिली की तो गाळ सगळीकडे घासला जाईल. तुमची डिस्क प्रयोगशाळेतच उघडायला हवी. शंभरफुटी यांची सूचना तुमच्यासाठी पहिली पायरी आहे.

आणि पुढच्या वेळेसाठी सगळ्यांनाच सांगतो: भिजलेली डिस्क वाळवायची नाही, तांदळात पुरायची नाही. ओलसर असतानाच घट्ट पिशवीत बंद करून पाठवायची. गाळ वाळला की चिकटतो, ओला असला की धुता येतो.

माधवनगर · शुक्रवार, सकाळी ८:००

आयर्विन पुलाखाली पाणी ४० फुटांवर गेलं की आमच्या घरात सगळे कागद वर चढवतात, डिस्क कुणाच्या ध्यानातच येत नाही. ४५ फूट म्हणजे धोक्याची पातळी आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. मी आजच दोन डिस्क वरच्या मजल्यावर नेल्या.

ताई, ती ४० जीबीची डिस्क आता केसिंगमध्ये घालून रोज वापरणार का? माझी २०१३ ची १ टीबी साटा मी अशीच वापरतो, टीव्हीला लावून. उन्हाळ्यात प्लास्टिकचं केसिंग फार तापायचं, म्हणून अॅल्युमिनिअमचं घेतलं.

हरभटरोड · शुक्रवार, सकाळी ८:४०

तुमची १ टीबी वापरायला हरकत नाही, मात्र तिच्यावर एकुलती एक प्रत ठेवू नका. महिन्यातून एकदा क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रामने तपासा. "रिअॅलोकेटेड" (खराब म्हणून बदललेल्या) आणि "पेंडिंग" (नीट वाचता न येणाऱ्या) सेक्टरांचे आकडे वाढायला लागले की समजा दिवस भरत आले. काही केसिंग हे आकडे पुढे पाठवतच नाहीत, तेव्हा डिस्क थेट कॉम्प्युटरला लावून बघावी लागते.

ताईंच्या डिस्कला मात्र आता कामाला लावू नये. तीन ठिकाणी प्रती करा: एक घरात, एक दुसऱ्या गावी, एक ऑनलाईन. ती डिस्क भंगारातही देऊ नका. तिच्यात बाबांच्या गिऱ्हाइकांची नावं-पत्ते असणार.

कृष्णाकाठची · पुढच्या रविवारी, रात्री ८:५०

डिस्क बाबांच्या कपाटात ठेवली, वरच्या मजल्यावर. जंपरच्या टोपणासकट. एक प्रत माझ्याकडे, एक मिरजेला भावाकडे, एक ऑनलाईन. साटाचं केसिंग दुकानदाराने बदलून दिलं, त्यात भावाची जुनी डिस्क बसवली.

रोज संध्याकाळी बाबा आणि मी बसतो. मी लॅपटॉपवर वाचते, ते डोळे मिटून ऐकतात आणि चुकलं की थांबवतात. आतापर्यंत १४० ओव्या तपासून झाल्या. ओवी७ मधल्या हरवलेल्या अकरापैकी चार बाबांना पाठ निघाल्या. पाच पलूसच्या आत्याने फोनवर म्हणून दाखवल्या, त्या मी रेकॉर्ड केल्या. दोन राहिल्यात. आत्या म्हणते तिच्या जावेला येत असतील, ती तासगावला असते. बुधवारी जाणार आहोत, बाबाही येतायत.